जात : इतर

पावण्याच्या बॉण्डेड गोदामात
माझं काम मागचं लेबल लावायचं.
पुढचं तिकडूनच येतं, सोनेरी, नक्षीचं.
मागचं आपलं : आयातदार, एमआरपी,
मद्यपान आरोग्यास हानिकारक.
दिवसाला नऊशे बाटल्या.
डिंकानं अंगठ्याच्या रेघा गेल्या,
गेटवरचं मशीन मला ओळखत नाही.

या खेपेला हंगेरीचा माल.
चाळीस खोकी कॅबर्ने, बावीस मेर्लो,
आणि तीन अशी की मापारीनं
स्कॅनर खाली ठेवला :
"घरतबाई, हे काय वाचायचं?"

कादार्का.

कॉम्प्युटरवर रकाना होता, द्राक्षाची जात.
बाण दाबला की यादी उघडते.
कॅबर्ने होती, मेर्लो होती, शिराझ होती.
कादार्का नव्हती.
मापारी म्हणाला, इतर टाका.
टाकलं.
छत्तीस बाटल्या झाल्या इतर.

दुपारी भरुचासाहेब आले.
एका बाटलीचं बूच गळत होतं,
ती त्यांनी मोडीत काढली
आणि चहाच्या ग्लासात ओतली.
मी पीत नाही. वास घेतला.
रंग आमसुलाच्या साराचा, पातळ.
आधी मिरी, मागून काहीतरी आंबट,
त्याला आमच्यात नाव आहे,
ते आठवेना.

साहेब सांगत होते :
साल पातळ हिची, पाऊस लागला की घड कुजतात.
पिकते उशिरा. रुसते.
तिकडच्या सरकारनं एकदा टनांत हिशेब केला
आणि पुष्कळशी उपटून टाकली.
कॅबर्नेचं तसं नाही. चिलीत लावा, नाशकात लावा,
कॅबर्नेसारखीच लागते.
गिऱ्हाईक बिचकत नाही.

मी म्हटलं, आमच्यात राता होता.
साहेब म्हणाले, कोण?

भात, साहेब.
खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं
तरी उभा राहायचा.
काळा राता, भुरा राता.
तांबडा दाणा, जाडा.
पाहुणा आला की आई तो झाकून ठेवायची,
पाहुण्याला वाड्याचा कोलम.
जमीन गेली तेव्हा कागदावर पिकाचा रकाना होता.
पदाजीकाका सांगत राहिला,
"राता लिव्हा, राता."
कारकुनानं लिहिलं : भात.
ते खाजण हेच. चार नंबरचं गेट
आमच्या उघाडीवर आहे.

खरं सांगायचं तर
मागल्या वर्षी बचत गटाच्या स्टॉलवर राता मिळाला,
एकशे ऐंशी रुपये किलो.
शिजवला. पोरांनी ताटात ठेवला.
मलाही चावेना.

साहेब ग्लास फिरवत म्हणाले, गंमत सांगू?
कादार्का मुळात तिथली नाहीच म्हणतात.
दक्षिणेकडून आली, लढाईतून पळालेल्यांच्या गाठोड्यात.
राहिली, आणि तिथली झाली.
किती वर्षांत?
असतील तीन-चारशे.
आमच्यात कट-ऑफ तारीख असते, मी म्हटलं.
तिच्या अलीकडचं ते अतिक्रमण,
भिंत स्वतःची असली तरी.
साहेब काही बोलले नाहीत.
राता कुठून आला होता
हे मीही कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी मेल आली : पुढच्या खेपेला फक्त कॅबर्ने.
कादार्काची दोन खोकी
घोडबंदरच्या एका हॉटेलनं उचलली, निम्म्या भावात.
तिसरं वरच्या रॅकवर, पंख्याच्या मागे.

सुट्टीच्या वेळी रोलवर एक लेबल कोरं निघालं.
मी पेनानं लिहिलं, कादार्का.
खाली जागा होती म्हणून, राता.
बाटली कुठली, ते ठरेना.
मनगटावर चिकटवलं, डबा घेतला.

गेटवर अंगठा ठेवला.
मशीन म्हणालं,
पुन्हा प्रयत्न करा.